टीपीएस 20, तरी सर्व्हर अडखळतो: माइनक्राफ्ट सर्व्हरमधला लॅग प्रोफायलरने कसा शोधायचा

तक्रार ठरलेली असते. फोडलेला ब्लॉक परत उगवतो, दार उघडायला सेकंदभर लागतो, झॉम्बी हवेत थबकतो आणि मग एकदम तीन पावलं पुढे येतो. अ‍ॅडमिन कन्सोलवर /टीपीएस (टिक प्रति सेकंद, म्हणजे सर्व्हरचा वेग; 20 हा पूर्ण वेग) टाकून बघतो तर 20.0, 20.0, 20.0, तिन्ही आकडे हिरवे. मग रॅम वाढवली जाते, किंवा कुठल्या तरी यादीतले पंधरा बदल एकदम करून सर्व्हर रीस्टार्ट केला जातो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

खालची माहिती पेपर या प्लगइन चालवणाऱ्या माइनक्राफ्ट सर्व्हर सॉफ्टवेअरची आवृत्ती (1.20 आणि पुढची) आणि जावा 17 किंवा 21 धरून लिहिली आहे. पर्पर हे सॉफ्टवेअर पेपरवरच उभं असल्यामुळे त्यालाही ती तशीच लागू पडते. फॅब्रिक आणि फोर्ज या मोड चालवणाऱ्या सर्व्हरवर प्रोफायलिंगचा (कुठल्या कामात किती वेळ जातो ते मोजण्याचा) भाग चालेल, सेटिंगच्या फाइली मात्र वेगळ्या असतील. आज्ञा आणि सेटिंगची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत, टाइप करताना ती रोमन अक्षरांतच लागतात.

टीपीएस काय लपवतो

सर्व्हरचा मुख्य थ्रेड (गेमची कामं एकामागून एक करणारी रांग) सेकंदाला 20 टिक, म्हणजे गेमच्या 20 फेऱ्या, चालवतो, म्हणजे एका टिकला 50 मिलिसेकंद मिळतात. काम 20 मिलिसेकंदांत उरकलं तर उरलेले 30 तो झोपून काढतो. एखाद्या टिकला 1,500 मिलिसेकंद लागले, तर पुढचे टिक तो न झोपता एकामागून एक पळवतो आणि मागे पडलेली गाडी वेळेवर आणतो. मिनिटभरात 1,200 टिक व्हायला हवेत, आणि शेवटी ते 1,200 होतातच. म्हणून मिनिटाचा टीपीएस 20 दिसतो. प्रति टिक सरासरी वेळ काढली तरी ती 20 वरून जेमतेम 21.2 वर जाते. दीड सेकंद सगळे खेळाडू पुतळ्यासारखे उभे होते, हे या दोन्ही आकड्यांत कुठेच दिसत नाही.

लॉगमधल्या "कान्ट कीप अप" या ओळीवरही फार विसंबू नका. सर्व्हर दोन सेकंदांहून जास्त मागे पडला तरच ती छापली जाते, आणि तीही किमान 15 सेकंदांच्या अंतराने. दर मिनिटाला 900 मिलिसेकंदांचा झटका देणाऱ्या सर्व्हरचा लॉग अगदी स्वच्छ असू शकतो.

म्हणून स्पार्क या प्रोफायलरची /स्पार्क टीपीएस ही आज्ञा टाका आणि टिकच्या वेळेची ओळ वाचा. तिथे किमान, मध्यक, 95 वा पर्सेंटाइल (95 टक्के टिक याच्या आत उरकतात) आणि कमाल असे चार आकडे असतात. मोड नसलेल्या साध्या सर्व्हरवर 1.20.3 पासून /टिक क्वेरी सरासरी आणि पर्सेंटाइल दाखवतं, कमाल मात्र दाखवत नाही. मध्यक 18, पर्सेंटाइल 30 आणि कमाल 900 असेल, तर सर्व्हर एरवी मोकळा आहे आणि मधूनच कशाला तरी अडतो आहे. मध्यक 46 आणि पर्सेंटाइल 70 असेल, तर त्याच्यावर कायमचंच ओझं आहे. हे दोन वेगळे आजार आहेत. मॉब (गेममधले प्राणी आणि राक्षस) कमी करून पहिला बरा होत नाही, आणि गार्बेज कलेक्टर (जावाची वापरून झालेली मेमरी मोकळी करणारा भाग) बदलून दुसरा.

आधी सर्व्हरच दोषी आहे ना, ते बघा

झटका येतो त्याच क्षणी कुणाला तरी चॅटवर लिहायला सांगा. पेपरवर चॅट मुख्य थ्रेडच्या बाहेर हाताळलं जातं. चॅट लगेच उमटतं पण पेटी उघडत नाही, तर मुख्य थ्रेड अडकला आहे. चॅटही उशिरा येत असेल तर नेटवर्क तपासा: /स्पार्क पिंग, आणि खेळाडूच्या बाजूने एमटीआर, म्हणजे नेटवर्कची वाट तपासणारी आज्ञा. जर्मनीतल्या स्वस्त मशीनवर महाराष्ट्रातून खेळताना शंभर मिलिसेकंदांच्या वरचं पिंग अंतरामुळेच येतं, प्रोफायलर त्यात काही करू शकत नाही. एकाच खेळाडूला त्रास होत असेल आणि त्याचा फ्रेम रेट पडत असेल, तर प्रश्न त्याच्या संगणकाचा आहे.

झटक्याचा ठेका पकडा

प्रोफाइल घेण्याआधी अर्धा तास ही आज्ञा चालू ठेवा:

/स्पार्क टिकमॉनिटर --थ्रेशोल्ड-टिक 100

शंभर मिलिसेकंदांच्या वर गेलेला प्रत्येक टिक कन्सोलवर उमटतो. त्या वेळी गार्बेज कलेक्शन झालं असेल तर तेही कळतं. या ओळींच्या वेळा कागदावर मांडल्या की निम्मं निदान तिथेच होतं.

बरोबर पाच मिनिटांच्या अंतराने झटके येत असतील तर ऑटोसेव्हवर संशय घ्या, कारण त्याचं अंतर 6,000 टिक म्हणजे पाच मिनिटंच असतं. पेपर जगाचे चंक (16 बाय 16 ब्लॉकचे तुकडे) थोडे थोडे करून साठवतो, त्यामुळे तिथे हा धक्का सहसा जाणवत नाही. फोर्जवर तो चांगलाच जाणवतो. पेपरवरही पाच मिनिटांचाच ठेका दिसला, तर आपला डेटा दर पाच मिनिटांनी मुख्य थ्रेडवर लिहिणारा प्लगइन शोधा. एक, पाच किंवा दहा सेकंदांचा काटेकोर ठेका म्हणजे प्लगइनचं वेळापत्रक: 20, 100 किंवा 200 टिकनी चालणारं स्कोअरबोर्ड, टॅबची यादी, होलोग्राम. तासाच्या ठोक्याला किंवा रात्री ठराविक वेळी येणारा झटका क्रॉनमधला (लिनक्सच्या वेळापत्रकातला) बॅकअप असतो, टार आणि जीझिप मिळून डिस्क आणि एक कोर खाऊन टाकतात. कुणी आत आलं की झटका बसत असेल, तर जॉइनवर डेटा वाचणारे प्लगइन बघा. एलिट्राच्या पंखांवर कुणी सुसाट निघालं की बसत असेल, तर चंक. आणि काहीच ठेका नाही, पण रोज रात्री आठ ते अकरा त्रास, दुपारी सगळं ठीक, तर मशीनवरचे शेजारी. त्यांच्याबद्दल खाली सविस्तर आहे.

आणखी एक खूण फार कमी लोकांना माहीत असते. सर्व्हर जवळजवळ नेमका पाच सेकंद गोठत असेल तर डीएनएस तपासा. लिनक्सवर नाव शोधण्याची मुदत डीफॉल्टने पाच सेकंद असते. आयपीवरून होस्टचं नाव विचारणारा एखादा प्लगइन मुख्य थ्रेडवर असेल आणि पहिला डीएनएस सर्व्हर मेलेला असेल, तर गोठण्याचा काळ बरोबर तेवढाच येतो.

प्रोफाइल घेणे

पेपर 1.21 पासून स्पार्क सर्व्हरसोबतच येतो. त्याआधीच्या आवृत्तीवर त्याची जार फाइल प्लगइन्सच्या फोल्डरमध्ये टाका. टायमिंग्ज या पेपरच्या जुन्या प्रोफायलरच्या मागे आता लागू नका.

रीस्टार्टनंतरची पहिली दहा मिनिटं सोडून द्या. जावाचा जेआयटी कंपायलर तेव्हा अजून तापत असतो आणि प्रोफाइलच्या झाडावर (कुठल्या कामात किती वेळ गेला ते फांद्याफांद्यांनी दाखवणारी यादी) नको तिथे वेळ दिसतो. खेळाडू आत असताना, त्रास चालू असतानाच प्रोफाइल घ्या. रिकाम्या सर्व्हरचं प्रोफाइल म्हणजे ताप उतरल्यावर लावलेला थर्मामीटर.

कायमच्या ओझ्यासाठी साधं प्रोफाइल पुरतं:

/स्पार्क प्रोफायलर स्टार्ट --टाइमआउट 300

झटक्यांसाठी मात्र ते निरुपयोगी आहे, आणि बहुतेकांची गाडी इथेच घसरते. स्पार्क दर 4 मिलिसेकंदांनी एक नमुना घेतो, म्हणजे पाच मिनिटांत एका थ्रेडचे 75,000 नमुने. 800 मिलिसेकंदांचा एक झटका म्हणजे त्यातले 200 नमुने, जेमतेम 0.27 टक्के. तो झाडाच्या तळाशी कुठेतरी गाडला जातो. वर दिसतात ते रोजचे मॉब आणि हॉपर (वस्तू पेटीतून पेटीत हलवणारे ब्लॉक), आणि अ‍ॅडमिन त्यांच्यावरच कुऱ्हाड चालवतो. त्याऐवजी फक्त वाईट टिक गोळा करा:

/स्पार्क प्रोफायलर स्टार्ट --ओन्ली-टिक्स-ओव्हर 100 --टाइमआउट 1800

आता झाडात फक्त अडखळलेले टिक असतात आणि दोषी फांदी 60–70 टक्क्यांवर येऊन बसते. उंबरठा तुमच्या पर्सेंटाइलच्या दुप्पट ठेवा. पर्सेंटाइल 70 असताना 50 चा उंबरठा लावला तर गाळणीतून फारसं काही गाळलं जाणार नाही.

काम संपलं की /स्पार्क प्रोफायलर स्टॉप टाकल्यावर दुवा मिळतो. तो कायम टिकत नाही. तुलनेसाठी जपायचं असेल तर स्टॉपसोबत --सेव्ह-टू-फाइल द्या.

झाड वाचताना

"सर्व्हर थ्रेड" उघडा. पहिला प्रश्न: "वेटअनटिलनेक्स्टटिक" या फांदीला किती टक्के आहेत? ती झोपेची वेळ आहे. साध्या प्रोफाइलमध्ये ती 60 टक्के असेल तर सरासरी ओझ्याची काळजी नको. तिलाच सर्वांत मोठी फांदी म्हणून दोषी ठरवणारेही भेटतात, म्हणून हे आधीच सांगितलेलं बरं.

उरलेला वेळ "टिकसर्व्हर"च्या खाली असतो. फांदी दुभंगेपर्यंत उघडत जा. 90, 88, 87 असे आकडे एकाच रेषेत उतरत असतील तर अजून काही कळलेलं नाही. जिथे 87 चे 55 आणि 20 होतात, तिथे थांबून नावं वाचा.

"सोर्सेस" ही यादी प्लगइनप्रमाणे वेळ दाखवते. ती सोयीची आहे, पण तिच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. टेलिपोर्टच्या प्लगइनच्या नावावर 40 टक्के दिसत असतील, तरी त्याच्या खाली चंकची वाट बघणं असेल तर खरं ओझं चंकचं आहे. उलट, मॉब-स्पॉनरचा प्लगइन स्वतः 0.5 टक्के दिसतो आणि त्याने जन्माला घातलेले 900 मॉब मूळ गेमच्या खात्यात मोडतात.

आणखी एक फसवणूक इंजिनची. लिनक्सवर स्पार्क असिंक-प्रोफायलर वापरतो, आणि तो सीपीयूचा वेळ मोजत असेल तर नुसता वाट बघणारा थ्रेड त्याला दिसत नाही. टिकमॉनिटर 800 मिलिसेकंद सांगतो आणि झाडात त्याचा हिशेबच लागत नाही, असं झालं तर --फोर्स-जावा-सॅम्पलर जोडून पुन्हा घ्या. तो घड्याळाच्या वेळेने नमुने घेतो, त्यामुळे डेटाबेसची किंवा लॉकची वाट बघणंही दिसतं. किंवा थेट जावाचा फ्लाइट रेकॉर्डर लावा: जेसीएमडीला प्रोसेसचा आकडा देऊन जेएफआर.स्टार्ट, सेटिंग्ज=प्रोफाइल, ड्युरेशन=600एस आणि फाइलचं नाव. मग जावाच्या मिशन कंट्रोल या साधनात ती फाइल उघडून "सॉकेट रीड", "फाइल रीड" आणि "मॉनिटर ब्लॉक्ड" या घटना सर्व्हर थ्रेडपुरत्या गाळा. प्रोफाइल सेटिंगमध्ये 10 मिलिसेकंदांहून लांब वाट बघणं नोंदलं जातं. आपल्या कामाला तेवढं पुरतं.

नेहमी सापडणारे गुन्हेगार

*चंकची वाट.* झाडात "गेटचंक"च्या खाली "सिंकलोड" किंवा "मॅनेज्डब्लॉक" दिसतं. मुख्य थ्रेडला एखादा चंक आत्ताच्या आत्ता हवा आहे आणि तो डिस्कवर आहे, किंवा अजून तयारच झालेला नाही. वरची ओळ बघा, कोण मागतंय ते कळेल. बहुतेक वेळा यादृच्छिक टेलिपोर्टचा प्लगइन असतो: सुरक्षित जागा मिळेपर्यंत तो पाच-दहा ठिकाणचे चंक एकामागून एक तयार करायला लावतो. पेपरच्या एपीआयमध्ये "गेटचंकअ‍ॅटअसिंक" आणि "टेलिपोर्टअसिंक" आहेत, ते वापरणारा प्लगइन निवडा. खेळाडूंच्या भटकंतीवर उपाय म्हणजे जग आधीच तयार करून ठेवणं. चंकी प्लगइनमध्ये /चंकी रेडियस 5000, मग /चंकी स्टार्ट. हा 10,000 बाय 10,000 ब्लॉकचा चौकोन झाला, म्हणजे 625 गुणिले 625, एकूण 3,90,625 चंक. सर्व्हर रिकामा असताना चालवा, डिस्कवर काही जीबी जागा ठेवा आणि त्याच मापाची वर्ल्ड बॉर्डर लावा. बॉर्डर नसेल तर कुणी तरी पहिल्याच रात्री त्या चौकोनाबाहेर जाणार, आणि सगळी मेहनत पाण्यात.

याच घरातला एक दुर्मीळ पण जबर झटका: "फाइंडनिअरेस्टमॅपस्ट्रक्चर". नकाशा बनवणारा गावकरी वरच्या पातळीवर गेला की सर्व्हर सागरी मंदिर किंवा वनातला वाडा शोधायला निघतो, आणि जवळपास सापडला नाही तर सेकंदच्या सेकंद शोधत बसतो. पेपरच्या जगाच्या सेटिंगमध्ये "ट्रेझर-मॅप्स" खाली हे नकाशे बंद करता येतात, किंवा आधी सापडलेली ठिकाणं चालतील असं सांगता येतं. दुसरा पर्याय खेळाला कमी धक्का लावतो.

*डेटाबेस मुख्य थ्रेडवर.* खूण: एखाद्या प्लगइनच्या खाली जेडीबीसीची (जावाला डेटाबेसशी जोडणाऱ्या भागाची) नावं आणि सगळ्यात तळाशी सॉकेटचं वाचन. हिशेब साधा आहे. जॉइनवर 40 क्वेऱ्या, प्रत्येकी 25 मिलिसेकंद, झाला पूर्ण सेकंद, म्हणजे 20 टिक. गेम मुंबईत आणि डेटाबेस सिंगापूरच्या फुकट योजनेवर असेल तर एका फेरीलाच साधारण 60 मिलिसेकंद जातात. एकच क्वेरी टिकचं अख्खं बजेट खाऊन वर दहा उधार मागते. डेटाबेस त्याच मशीनवर किंवा त्याच डेटा सेंटरमध्ये आणा. प्लगइन तुमचाच असेल तर वाचन "असिंकप्लेअरप्रीलॉगिन" या घटनेत करा, ती मुख्य थ्रेडवर चालत नाही. बाकीच्या क्वेऱ्या "रनटास्कअसिंक्रोनसली"मध्ये टाका आणि जगाला हात लावायची वेळ आली की "रनटास्क"ने मुख्य थ्रेडवर परत या. हिकारी कनेक्शन पूल रिकामा झाला तर कनेक्शन मागणारा थ्रेड डीफॉल्टने 30 सेकंदांपर्यंत वाट बघतो. तो मुख्य थ्रेड असेल तर पेपर दहा सेकंदांनंतर लॉगमध्ये थ्रेडचा स्टॅक छापायला लागतो. तो स्टॅक जपून ठेवा, प्रोफाइलची गरजच पडत नाही.

*मॉब आणि गावकरी.* हे कायमच्या ओझ्याच्या प्रोफाइलमध्ये सापडतात. "पुशएंटिटीज" मोठं असेल तर एका जागी मॉब कोंबले आहेत. प्रत्येक मॉब प्रत्येक शेजाऱ्याला ढकलू बघतो, म्हणून संख्या दुप्पट झाली की काम चौपट होतं. पेपरमध्ये "मॅक्स-एंटिटी-कोलिजन्स" 8 वरून 2 करा. "पाथफाइंडर" किंवा "ब्रेन" मोठं असेल तर बहुधा गावकरी: ज्याला पलंगाकडे किंवा कामाच्या ब्लॉककडे जाता येत नाही, तो परत परत वाट शोधतो. कुठल्या चंकमध्ये गर्दी आहे ते /पेपर एंटिटी लिस्ट सांगतं. तिथे जाऊन डोळ्यांनी बघा, मग सेटिंगला हात घाला. स्पिगॉटच्या फाइलमधलं "टिक-इनअ‍ॅक्टिव्ह-व्हिलेजर्स" बंद केल्याने ओझं उतरतं, पण लांबचे लोखंडाचे फार्म थंड पडतात आणि खेळाडूंची बोंब सुरू होते. आधी सांगून करा.

या ओझ्यावर सगळ्यात जास्त फरक एका आकड्याने पडतो: "सिम्युलेशन-डिस्टन्स". 10 ठेवलं तर प्रत्येक खेळाडूभोवती 21 गुणिले 21, म्हणजे 441 चंक जिवंत असतात. 6 केलं तर 169. "व्ह्यू-डिस्टन्स" वेगळं आहे, ते 8 ते 10 राहू द्या. खेळाडूंना धुकं दिसलं की त्यांना सर्व्हर गरीब वाटतो, आणि टिकमध्ये त्याची बचतही फारशी होत नाही.

*हॉपर.* "हॉपरब्लॉकएंटिटी" 10 टक्क्यांच्या वर गेलं की लक्ष द्या. ज्या हॉपरवर पेटी नाही तो वर पडलेल्या वस्तू सतत शोधत असतो. त्याच्या डोक्यावर कंपोस्टर ठेवला की हा शोध थांबतो, आणि खेळाडूंना हे सांगितलं तर ते आनंदाने करतात. पेपरमधलं "डिसेबल-मूव्ह-इव्हेंट" खूप वेगवान आहे, पण जागा आणि पेट्या राखणारे प्लगइन त्याच घटनेवर अवलंबून असतात. ते चालू केलं आणि कुलूप लावलेल्या पेटीखाली हॉपर लावून कुणी हिरे पळवले, तर दोष प्लगइनचा नाही. रेडस्टोनसाठी "अल्टरनेट करंट" निवडा; अगदी थोड्या यंत्रांत क्रम बदलल्याने बिघाड होतो, बाकी सगळ्यांना फायदाच.

गार्बेज कलेक्शन

टिकमॉनिटरमध्ये झटका आणि कलेक्शन एकत्र दिसत असतील तरच इकडे या. सुरुवातीच्या आज्ञेत -एक्सलॉग:जीसी* आणि फाइलचं नाव द्या, तासभर खेळू द्या, मग लॉग वाचा. जी1 कलेक्टरचे 20 ते 50 मिलिसेकंदांचे "पॉज यंग" नेहमीचे आहेत. "पॉज फुल" दिसलं तर ते नेहमीचं नाही. त्यापुढे "सिस्टिम.जीसी" लिहिलं असेल तर एखादा प्लगइन मेमरी साफ करण्याच्या नावाखाली मुद्दाम कलेक्शन करवतो आहे. तो काढा, किंवा "डिसेबलएक्सप्लिसिटजीसी" लावा. "इव्हॅक्युएशन फेल्युअर" असेल तर हीप (जावाला दिलेली मेमरी) खरोखरच अपुरा आहे. प्रत्येक फुलनंतर उरणारी मेमरी चढतच जात असेल तर गळती आहे. /स्पार्क हीपसमरी दोनदा, तासाच्या अंतराने घ्या आणि कुठला वर्ग फुगला ते बघा. यंग पॉज छोटे पण दर सेकंदाला होत असतील तर कचरा कोण करतंय ते --अ‍ॅलॉक जोडून घेतलेलं प्रोफाइल दाखवतं.

एक्सएमएस आणि एक्सएमएक्स, म्हणजे हीपची सुरुवातीची आणि कमाल मर्यादा, सारखे ठेवा. कंटेनरला (होस्टने सर्व्हरसाठी आखून दिलेला बंदिस्त कप्पा) 8 जीबी असतील तर हीप 6 ते साडेसहा जीबी, कारण थ्रेड, नेटी (नेटवर्कचा भाग) आणि जेव्हीएमला हीपबाहेरही जागा लागते. पूर्ण 8 दिले की कर्नल प्रोसेस मारतो आणि पॅनेलवर 137 हा आकडा दिसतो. लॉगमध्ये त्याचं काहीच कारण नसतं, आणि लोक प्लगइनना शिव्या घालत बसतात. जावा 21 मधला पिढ्या पाळणारा झेडजीसी हा दुसरा कलेक्टर थांबे जवळजवळ नाहीसे करतो, मात्र त्याला जास्त हीप आणि मोकळे कोर लागतात. दोन कोरच्या मशीनवर तो मुख्य थ्रेडशीच भांडतो.

झाडात कुणीच दोषी नाही तेव्हा

वाईट टिकांचं प्रोफाइल घेतलं आणि त्यातलं प्रमाण चांगल्या टिकांसारखंच निघालं: मॉब 30 टक्के, चंक 15, प्लगइन 10. फक्त सगळंच चौपट हळू. याचा अर्थ कोड नेहमीचाच आहे, त्याला सीपीयू मिळत नाही. सेटिंगच्या याद्या इथे साप साप म्हणून भुई धोपटण्यासारख्या आहेत.

सामायिक व्हीपीएसवर (अनेकांत वाटलेल्या भाड्याच्या मशीनवर) टॉप ही आज्ञा चालवा आणि "एसटी" हा आकडा बघा. शेजाऱ्यांनी पळवलेला वेळ तिथे दिसतो. गर्दीच्या वेळी तो सतत 5 टक्क्यांच्या वर असेल तर होस्टकडे मशीन बदलून मागा, बाकी काही करण्यासारखं नाही. व्हीएमस्टॅट 1 मध्ये "एसआय" आणि "एसओ" शून्य हवेत. नसतील तर हीप स्वॅपमध्ये गेला आहे, आणि कलेक्टरला तो डिस्कवरून चाळावा लागतो. स्वतःचं मशीन असेल तर सीपीयूचा वेग ठरवणारा गव्हर्नर "पॉवरसेव्ह"वर नाही ना, तेही बघा.

कंटेनरवरचं कारण सगळ्यात चकवणारं आहे. टेरोडॅक्टिलसारख्या पॅनेलमध्ये सीपीयूची मर्यादा 200 टक्के लिहिली, की लिनक्स प्रत्येक 100 मिलिसेकंदांच्या खिडकीत त्या कंटेनरला 200 मिलिसेकंद सीपीयू देतो. मुख्य थ्रेड त्यातले फार तर 100 वापरेल, मग अडचण काय? अडचण ही की चंक बनवणारे थ्रेड, गार्बेज कलेक्टर, जेआयटी आणि नेटी हे सगळे याच ताटात जेवतात. चार थ्रेड एकदम जोरात पळाले तर 200 मिलिसेकंदांचा वाटा 50 मिलिसेकंदांत संपतो. खिडकीतले उरलेले 50 मिलिसेकंद अख्खा कंटेनर, मुख्य थ्रेडसकट, गोठतो. एक टिक गेला. पॅनेलच्या आलेखावर सरासरी वापर 90 टक्के दिसतो, मर्यादेच्या निम्माही नाही, म्हणून होस्टवाले म्हणतात की आमच्याकडे सगळं ठीक आहे.

पुरावा कंटेनरच्या आतच सापडतो. कॅट करून /सिस/एफएस/सीग्रुप/ खालची सीपीयू.स्टॅट फाइल वाचा, झटका येऊ द्या, पुन्हा वाचा. "एनआर_थ्रॉटल्ड" आणि "थ्रॉटल्ड_युसेक" हे दोन आकडे बघायचे. झटक्याच्या क्षणी ते उडी मारत असतील तर निदान झालं. मर्यादा 300 किंवा 400 करा, शक्य असेल तर 0 लिहून उठवा आणि त्याऐवजी ठराविक कोर नेमून द्या. होस्ट तयार नसेल तर उलट बाजूने या: चंक आधी तयार करून ठेवा, पेपरच्या ग्लोबल सेटिंगमध्ये चंकचे वर्कर थ्रेड 1 करा, आणि झेडजीसी असेल तर जी1 वर परत या.

बदल लागू पडला का

एका वेळी एकच बदल करा. मग आधी मोजलं होतं त्याच वेळी, तेवढेच खेळाडू असताना, त्याच 100 मिलिसेकंदांच्या उंबरठ्याने टिकमॉनिटर अर्धा तास लावा आणि ओळी मोजा. आधी 42 ओळी होत्या आणि आता 6 असतील, तर राहिलेल्या सहांसाठी नवं प्रोफाइल घ्या. त्यांचं कारण बहुधा वेगळं असतं आणि जुन्या झाडात ते दिसलंही नसतं. ओळी 42 च्या 40 झाल्या असतील तर बदल मागे घ्या, सेटिंग मूळ आकड्यावर आणा आणि झाडातली दुसरी फांदी उघडा. टीपीएस या सगळ्यात 20 च दाखवत राहील.